हाताने कोळसा घालायच्या दोन शेगड्यांवर मोठं घर हिवाळाभर ऊबदार राहील का?

तुम्ही पेनसिल्व्हेनियात स्क्रॅन्टनजवळ सुमारे ३,००० चौरस फुटांचं जुनं दुमजली घर घेतलंय. घर तापवणाऱ्या भट्टीच्या तेलाचं बिल झेपत नाही, घरात कोळशाच्या दोन शेगड्या आहेत, पण रात्री भरलेली शेगडी पहाटेपर्यंत विझते, असं तुम्ही लिहिलंय. हिवाळा या दोन शेगड्यांवर निघेल. पण आधी विस्तव का विझतो ते बघू, कारण सगळं तिथेच अडलंय.

तुमच्या भागात मिळतो तो अँथ्रासाइट. चंद्रपूर-वणीकडचा दगडी कोळसा भसाभस धूर सोडतो, याच्यात तसा जळणारा वायू फारच कमी, बहुतेक सगळा कार्बन. त्यामुळे लाकडासारखा तो वरच्या हवेवर जळत नाही. हवा जाळीखालून शिरून थराच्या आरपार वर गेलीच पाहिजे. न्हाणीतला बंब आठवा. खाली राख तुंबली की कितीही ढलप्या घाला, तो घुसमटतो. इथे तेच, फक्त इथे फुंकणी कामाची नाही.

दुसरी चूक म्हणजे थर पातळ ठेवणं. थंडी कमी आहे म्हणून थोडाच कोळसा घालायचा, हा हिशेब लाकडाचा. अँथ्रासाइटचा थर निदान ६ ते ८ इंच हवा. मी तर आतल्या विटांच्या काठापर्यंत भरा असंच सांगेन. धग कमी-जास्त करायची ती खालच्या हवेच्या झडपेने, कोळसा कमी घालून नव्हे. माल ‘नट’ आकाराचा घ्या, म्हणजे सुपारीपासून लहान लिंबापर्यंतचे तुकडे. ‘राइस’ हा बारीक माल आपोआप कोळसा सरकवणाऱ्या शेगड्यांचा आहे. तुमच्या जाळीतून तो निम्मा खाली गळेल आणि उरलेला हवा अडवेल.

पेटवताना आधी काटक्या आणि वाळलेलं कठीण लाकूड जाळून चांगले निखारे करा. राखेचं दार किलकिलं ठेवून निखाऱ्यांवर कोळशाचा पातळ थर टाका. तडतड ऐकू आली, निळ्या ज्वाळा नाचू लागल्या की दुसरा थर, मग तिसरा. याला पाऊण ते एक तास लागतो, घाई केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. विस्तव धरला की राखेचं दार बंद करा आणि ते उघडं टाकून खोलीबाहेर जाऊ नका. अनावर धगीने जाळी वाकते.

रोजचं काम दर १२ तासांनी. आधी हवेची झडप दोन-चार मिनिटं पूर्ण उघडा, विस्तव रसरसू द्या. मग वरचं दार आधी बोटभर उघडून थोडं थांबा आणि नंतर पूर्ण उघडा. जाळीचा दांडा लांब हेलकावे देऊन नव्हे, तर छोट्या, झटक्याच्या हालचालींनी हलवा. आधी करडी भुकटी पडते, मग तिच्यात लाल ठिणग्या दिसू लागतात. राखेच्या ट्रेवर सगळीकडे सारखा नारिंगी उजेड पडला की थांबा. कोपरे काळे दिसत असतील तर टोक काटकोनात वाकवलेली सळई जाळीच्या फटींतून खालून वर खुपसून तिथली राख पाडा. तुमचा विस्तव बहुधा या कोपऱ्यांमुळेच विझतोय. वरून ढवळू मात्र नका. राख धगधगत्या निखाऱ्यांत मिसळून वितळते, तिचे खंगर, म्हणजे दगडासारखे गोळे होतात आणि ते जाळीत अडकून बसतात.

नवा कोळसा घालताना एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवायचेच. सगळा विस्तव झाकला तर वर वायू साठतो आणि ज्वाळ पोचताच ‘भप्प’ करून स्फोट होतो, दार उघडतं, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचे सांधे निसटतात. म्हणून पाइपच्या प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू हवेतच. विस्तव मंदावलेला दिसला तर जाळी हलवू नका. हवा द्या, मूठभर कोळसा टाका, तो पेटल्यावर हळूच राख पाडा.

आता हिशेब. एक पौंड कोळशात साधारण १२,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं अमेरिकेतलं माप). एका शेगडीत दिवसाला ५० पौंड जाळले आणि त्यातली ७० टक्के ऊब घरात आली, तर तासाला सुमारे १८,००० बीटीयू मिळतात, दोन्ही मिळून ३६,०००. कडाक्याच्या रात्री जुन्या घराला याच्या दुप्पटही लागू शकतं, तेव्हा शेगडीची क्षमता बघून कोळसा वाढवावा लागेल. सरासरी रोज दोन्ही मिळून ९० पौंड धरले, तर सहा महिन्यांना अमेरिकी मापाचे, म्हणजे २,००० पौंडांचे, ८ टन होतात. टनाला साधारण ४० घनफूट जागा धरा. राख रोज १० ते १३ पौंड निघेल. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, फरशीवर. लाकडी ओसरीवर कधीच नाही.

लांबच्या खोल्यांकडे गरम हवा ढकलण्यापेक्षा तिथे जमिनीलगत छोटा पंखा ठेवून थंड हवा शेगडीकडे ढकला. गरम हवा वरच्या बाजूने आपोआप तिकडे जाते. तेलाची भट्टी ५५ अंश फॅरनहाइटवर चालू राहू द्या, नाहीतर दूरच्या भिंतींतले पाण्याचे नळ गोठून फुटतील.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म लावा. प्रत्येक शेगडीला धुराड्यात स्वतंत्र मार्ग हवा, तेलाच्या भट्टीचा मार्ग वापरू नका. पाइपवर बॅरोमेट्रिक डँपर, म्हणजे धुराड्याची ओढ आपोआप सारखी राखणारी झडप, बसवा आणि ती ओढ मोजून घ्या. ती ‘इंच पाणी’ या दाबाच्या मापात मोजतात, ०.०४ ते ०.०६ ठीक. बाहेरचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की ओढ मंदावते, अशा दिवसांत शेगडी विझवलेलीच बरी. घरात एकदम सगळ्यांचं डोकं दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका, बाहेर पडा आणि ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

वसंतात शेवटची राख निघाली की त्याच आठवड्यात पाइप उतरवून झाडा, धुराड्याच्या तळची राखही काढा. तिच्यात गंधक असतं. उन्हाळ्याच्या दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि ऑक्टोबरपर्यंत पाइपला भोकं पडतात.