निळ्या कोचीनला काळी पिल्लं निघाली म्हणजे फसवणूक झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिकोडीजवळ घरी निळ्या कोचीन जातीच्या कोंबडा-कोंबडीची जोडी आणली. चौदा पिल्लं निघाली, त्यात सात निळी, चार काळी आणि तीन मळकट पांढरी, अंगावर ठिपके असलेली. विकणाऱ्यानं गंडवलं का, रंग सुधारायचा कसा, आणि त्यातला मोठा झालेला काळा कोंबडा विकून टाकू का?

गंडवलं नाही. उलट जोडी खरी निळी आहे याचा पुरावाच पिल्लांनी दिलाय. निळा हा मुळात पातळ केलेला काळा रंग. काळ्याला पातळ करणारं एक जनुक असतं आणि पिल्लाला त्याची एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळू शकते. एकच मिळाली तर पक्षी निळा. दोन्ही मिळाल्या तर रंग इतका विरतो की पांढुरक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे तेवढे राहतात. त्याला आपल्याकडेही सगळे स्प्लॅशच म्हणतात. एकही नाही मिळाली तर सरळ काळा. तुमच्या नर-मादीकडे एकेकच प्रत आहे, म्हणून सरासरी चारात एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश. चार-सात-तीन हा तर पुस्तकी हिशेब झाला! मी बेळगावच्या खानापूर तालुक्यात दहा वर्षं कोचीन पाळतोय, मला एकाही रवणात (एका वेळी उबवलेल्या अंड्यांत) तो इतका नीट जमला नाही. एकदा अकरातली सात काळी निघाली होती आणि मी विकणाऱ्याला फोनवर नको ते बोललो होतो. नंतर माफी मागितली.

त्या अज्ञानाची किंमत वेगळीच मोजावी लागली. काळी आणि स्प्लॅश म्हणजे बिघडलेली, असं समजून मी ती येईल त्या भावात काढून टाकली आणि तीन पिढ्या निळ्याला निळंच लावत गेलो. तिसऱ्या वर्षी माझ्याकडचे पक्षी धुतलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखे दिसायला लागले. निळ्या कोंबडीच्या प्रत्येक पिसाला गडद किनार असते, ती पुसट झाली. कोंबड्याची मान आणि पाठ अंगापेक्षा गडद असायला हवी, तीही फिकी पडली. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बेळगावातल्या शहापूरचे एक म्हातारे पंपाची मोटर घेऊन आले होते, तरुणपणापासून पक्षी पाळणारे. त्यांनी मागं खुराड्याकडं नजर टाकली आणि विचारलं, "काळा हुंज यावुदु?" काळा कोंबडा कुठला. म्हटलं, काळा ठेवलेलाच नाही. ते हसले. मोटर दुरुस्त होईपर्यंत त्यांनी अर्ध्या कन्नडात अर्ध्या मराठीत जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतोय.

निळ्याला काळं लावलं तर साधारण निम्मी पिल्लं निळी, निम्मी काळी. स्प्लॅश एकही नाही. स्प्लॅशला काळं लावलं तर सगळीच्या सगळी निळी. म्हणजे तुम्ही ज्या सात पिल्लांना बिघडलेली समजताय, त्यांच्यातूनच शंभर टक्के निळं रवण मिळू शकतं. फक्त सख्खी भावंडं एकमेकांना लावू नका, त्यासाठी बाहेरचा एक चांगला काळा आणा. आणि निळ्याची किनार टिकवायची असेल तर दोन-तीन पिढ्यांत एकदा तरी काळ्याकडे परतायला हवं. त्या काळ्या पक्ष्याच्या मानेत तांबूस किंवा पिवळसर पिसं असली तर तो घेऊ नका. ती तांबूस झाक निळ्या पिल्लांच्या मानेत हमखास उतरते आणि मग काढता काढता चार वर्षं जातात.

एक वेगळा धोका आहे. बाजारात 'निळा' म्हणून लॅव्हेंडरही विकला जातो. तोही राखी-निळा, पण सगळं अंग एकसारखं फिकट, किनार नाही, मान गडद नाही. त्याचं जनुक वेगळं, दबून राहणारं. लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावलं की सगळी पिल्लं लॅव्हेंडर, आणि काळ्याला लावलं तर सगळी काळी. कुणी "माझ्या निळ्या जोडीला शंभर टक्के निळीच पिल्लं येतात" असं छाती ठोकून सांगत असेल, तर त्याच्याकडे लॅव्हेंडर आहे किंवा तो थापा मारतोय. हे दोन रंग एकत्र मिसळू नका, पुढं कोण काय आहे ते ओळखणं अवघड होतं.

आता रंग सुधारण्याबद्दल. यात बहुतेकांचं माझ्याशी पटत नाही, पण मी आधी अंग बघतो, मग पाय, मग रंग. कोचीन म्हणजे आकार. नर पाच किलोच्या आसपास, मादी पावणेचार-चार किलो, पाठीवरून शेपटीकडे जाणारी मऊ गोल उशी, आणि पिसं इतकी की पक्षी आहे त्याच्या दीडपट दिसतो. रंग दोन-तीन वर्षांत सुधारता येतो, हरवलेला आकार परत आणायला त्याहून कितीतरी जास्त लागतात. म्हणून रंगाच्या हट्टापायी सडपातळ कोंबडा ठेवू नका. घाईही करू नका, ही जात सावकाश भरते. आठ-नऊ महिन्यांआधी अंगावरून निकाल लावला तर चांगला पक्षी रश्श्यात जातो.

पायांचं बघताना मधलं बोट बघा. बाहेरच्या बोटाबरोबर मधल्या बोटावरही पिसं हवीत. गावठी कोंबडीशी संकर झाला की पिल्लांच्या पायावर विरळ पिसं येतात आणि मधलं बोट बहुधा उघडं राहतं. बाजारात 'कोचीन' म्हणून असा संकर सर्रास खपतो.

नावावरूनही गोंधळ आहे. आमच्याकडे कितीतरी लोक हिला केरळातल्या कोचीची समजतात. ही मुळात चीनची. 1840 च्या दशकात ती इंग्लंडला पोचली आणि तिकडच्या लोकांना अक्षरशः वेड लागलं. कोचीन-चायना हे नाव आजच्या दक्षिण व्हिएतनामचं, पण पक्षी शांघायकडून आलेले, म्हणून सुरुवातीला त्यांना शांघायही म्हणत. अमेरिकेच्या 1874 च्या कोंबड्यांच्या मानकात बफ (सोनेरी), पार्ट्रिज (तपकिरी नक्षीचा), पांढरा आणि काळा हे चार रंग होते, बाकीचे मागाहून आले. (आमच्या शेजारच्या अज्जीला मी 'कोचीन कोळी' म्हटलं की कळतं. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. पुण्याच्या पाहुण्याला तेच ऐकून वाटलं मी मासे विकायला लागलो.)

पुढेमागे बफ घ्यायचा विचार असेल तर जरा जपून. दिसायला तो सगळ्यात साधा, डोक्यापासून पायापर्यंत एकच सोनेरी. पण तो 'एकच' टिकवणं हेच कठीण. शेपटीत काळं येतं, पंखात पांढरं येतं, पिसाची काडी फिकट पडते. पीस बाजूला सारून खालची लव बघायची, तीही बफच हवी. उन्हात पिसं विटतात, त्यामुळे मे महिन्यात बफ बघून विकत घेऊ नका आणि कापूही नका. पिसं झडून नवी आल्यावर ठरवा. गडदाला एकदम फिकं लावून मधला रंग मिळेल असं वाटतं. पिल्लं मधल्या रंगाची नव्हे, चट्ट्यापट्ट्यांची निघतात. थोडाच फरक असलेली जोडी लावा.

वही ठेवा. मी सांगतोय त्यातलं एवढं एक जरी केलंत तरी पुरे. अंड्यावर पेन्सिलीनं खुराड्याचा नंबर आणि तारीख, पिल्लाच्या पायात रंगीत कडं, आणि वहीत आई, बाप, रंग, दोष. कडं दर पंधरा दिवसांनी बघा, वाढत्या पायात ते रुततं. वहीसोबत घरच्यांनाही सांगून ठेवा. माझ्या आईनं एकदा नंबर घातलेल्या बारा अंड्यांची पाहुण्यांसाठी पोळी केली होती. स्प्लॅश गुणिले काळा, वर्षभर वाट बघितलेली!

रक्त फार जवळ येऊ नये म्हणून मी तीन खुराडी ठेवतो. मुली आईच्याच खुराड्यात राहतात, आणि निवडलेला तरणा कोंबडा दरवर्षी पुढच्या खुराड्यात घरजावई म्हणून जातो. पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. बरीच वर्षं बाहेरचा पक्षी न आणता चालतं. कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी रवणाला घालू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. मी पूर्ण तीन आठवडे अंडी खाऊन टाकतो, मग नवा हिशेब सुरू.

अंडी रिकामी निघत असतील तर बहुतेक वेळा दोष पिसांचा असतो. दोघांच्याही मागच्या बाजूची पिसं कात्रीनं आखूड करा, फरक लगेच दिसेल. एका कोंबड्यामागे पाच-सहा कोंबड्या बस्स. कोचीन खुडूक लगेच होते, पण वजनानं अंडी फोडते आणि पायाच्या पिसांत अडकून अंडं डालग्याबाहेर येतं. माझी महत्त्वाची अंडी मी गावठीखाली ठेवतो. इनक्युबेटर आहे, पण ऐन एकोणिसाव्या दिवशी करंट जातो तेव्हा गावठीच बरी वाटते.

हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतर जोड्या लावा. तुमच्याकडे चिकोडी-अथणीच्या बाजूला उन्हाळा कडक. एवढ्या पिसांचा कोंबडा एप्रिलमध्ये नुसता धापा टाकतो, अंडी फळत नाहीत. आमच्याकडे खानापुरात उलट, पावसाळाच वैरी. पायाची पिसं चिखलानं दगड होतात. भाताचं तूस जाड पसरून ते कोरडं ठेवणं एवढाच उपाय. पायावर खवले उचललेले दिसले तर ती खरूज आहे, आत किडे असतात. कोमट पाण्यानं धुऊन व्हॅसलीन चोळा, आठवड्यानं पुन्हा. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून अंडी कमी होतात, तेव्हा पहाटे बल्ब लावून एकूण चौदा तास उजेड द्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. लस चुकली तर रंगाची चर्चा करायला पक्षीच राहत नाहीत.

पिल्लांबद्दल एक सांगायचं राहिलं. काळ्या पिल्लाचं पोट आणि पंखाचं टोक पांढरट-पिवळसर असतं, पहिल्या पंखांतही पांढरी पिसं येतात. तो दोष नाही, पिसं बदलली की जातो. मी अशी सहा पिल्लं 'मिश्र' म्हणून वाटून टाकली होती. त्यातला एक कोंबडा नंतर मित्राच्या परसात बघितला, शेपटी अशी की चोरून आणावासा वाटला.

म्हणून तुमच्या काळ्या कोंबड्याचं: आत्ता विकू नका. पिसं झडून नवी आली की त्याला सकाळच्या उन्हात उभा करा आणि पाठ, शेपटी बघा. भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी चमक असेल, मान स्वच्छ काळी असेल, अंग रुंद असेल तर तो तुमच्या दोन्ही निळ्यांपेक्षा मोलाचा आहे. त्याला बाहेरून एखादी स्प्लॅश तलंग (तरणी कोंबडी) शोधा. पिसांवर जांभळे पट्टे दिसले, तर मात्र रविवारी चूल पेटवायला हरकत नाही.