आई नको म्हणते, अध्यक्षही नको म्हणतात. तरी पोलिसांना कळवायचं का?

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेची सचिव आहे. 2019च्या महापुरानंतर आम्ही गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली, सुट्टीत शिबिरंही घेतो. सागरेश्वरच्या शिबिरात आमच्याच एका कार्यकर्त्याने रात्री अंगाशी चाळे केले, असं आठवीतल्या एका मुलाने चार दिवसांपूर्वी अभ्यासिकेच्या ताईंना सांगितलं. ‘कुणाला बोलू नकोस’ असे मेसेजही त्याला येतात. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. ती म्हणते, पोलीस नकोत, भावकीत तोंड दाखवता येणार नाही. अध्यक्ष म्हणतात, पोरगाच आहे, चेष्टा केली असेल. राजीनामा घेऊन विषय मिटवू. मी काय करू? उद्या खोटं ठरलं तर माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा होईल का?

उत्तर : ताई, आजच पोलीस ठाण्यात जा. ज्या ताईंना मुलाने सांगितलं त्यांनाही सोबत घ्या, कारण कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही तितकीच आहे.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालच्या मुलालाही लागू आहे आणि मुलीलाही. ‘पोरगाच आहे’ याला त्यात कुठेही जागा नाही. कलम 19 सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. त्यासाठी आईची संमती लागत नाही, विश्वस्तांचा ठरावही लागत नाही. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे कलम अध्यक्षांना वाचून दाखवा.

राजीनाम्याचा मार्ग मला सगळ्यात घातक वाटतो. हा माणूस तुमच्याकडून स्वच्छ कागद घेऊन जाईल आणि पुढच्या गावात पुन्हा मुलांचाच ‘दादा’ होईल. आईला पैसे देऊन किंवा समजूत घालून मिटवू, असंही कुणी सुचवेल. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा असाच गुन्हा पालकांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशच रद्द ठरवला.

आता तुमची भीती. कलम 19 मध्येच लिहिलं आहे की सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही, आणि ते अंगावर घेऊही नका. मुलाला कमिटीपुढे बसवून पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याने ताईंना जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, तेवढं पुरे. त्या कार्यकर्त्याला जाब विचारायलाही जाऊ नका. तो सावध होईल आणि मुलावर दबाव आणेल. मेसेज पुसू देऊ नका, कुणाला फॉरवर्डही करू नका. शिबिरातल्या बाकीच्या मुलांची चौकशी तुम्ही करू नका, फक्त यादी पोलिसांना द्या. तपास पूर्ण होईपर्यंत तो माणूस अभ्यासिकेत, मैदानावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मुलांच्या आसपास कुठेही दिसता कामा नये.

आईकडे मात्र पोलिसांच्या आधी तुम्ही जा. परवानगी मागायला नव्हे, धीर द्यायला. तिची भीती खोटी नाही, पण तिला काही गोष्टी कुणी सांगितलेल्याच नसतात. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकारी घेतात, त्याही साध्या कपड्यांत. आई शेजारी बसू शकते. मुलाचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात छापणं गुन्हा आहे. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि खटला संपेपर्यंत मुलाला साथ देणारी सहाय्यक व्यक्ती समिती नेमू शकते. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. रात्री-अपरात्री आधार लागला तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

पॉक्सोच्या 2020च्या नियमांप्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. मानधन घेत नाही म्हणून कार्यकर्त्यांना यातून वगळू नका. लेखी बालसंरक्षण धोरणही करा, आणि मुक्कामाच्या शिबिरात एकटा मोठा माणूस मुलांसोबत झोपणार नाही हा नियम त्यात पहिला घाला. पण हे सगळं तक्रारीनंतर.

‘सागरेश्वर आमच्या हद्दीत नाही’ म्हणून ठाण्यातून परत पाठवलं तर हलू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर (एफआयआर) नोंदवून घ्यावी लागते. तरीही नकार मिळाला तर तोच मजकूर लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. चार दिवस का गेले, हे खबरीत लपवू नका. आई आणि अध्यक्ष काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहा, खाली तुम्हा दोघींच्या सह्या करा, आणि खबरीची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.