सही तुझीच लागते, नवऱ्याची नाही

तुझी पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. संबंध आल्यावर 18 तासांच्या आत दिवस राहू नयेत म्हणून ती 72 तासवाली गोळी घेतलीस, पाच दिवसांनी थोडं अंगावरून गेलं म्हणून निर्धास्त झालीस, आणि आता टेस्टवर दोन रेघा. तुझे मालक कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात, दसऱ्याला विट्याला येणार. आणि शेवटी गर्भपाताबद्दल तू लिहिलंयस, "दवाखान्यात त्यांची सही मागणारच, म्हणून ते येईपर्यंत थांबते." त्या एका वाक्यासाठी आज शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसलेय.

अगं, नको थांबू.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वकील नाही. कोरेगाव तालुक्यात ब्लाउज शिवते. माझ्यावर जे बेतलं ते, आणि नंतर चिडून चिडून जे वाचून काढलं ते सांगतेय. तुझ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐक. फक्त सांगणारा डॉक्टरच आहे की काउंटरवरचा माणूस, एवढं बघून घे. ठेवायचं की नाही, यात मी पडणार नाही. ठेवायचं असेल तर गोळीचा बाळाला त्रास होईल का, असं तू विचारलंयस, त्याचं उत्तर असं की त्या गोळीनं पोटातल्या बाळाला काही अपाय होत नाही. ती गोळी गर्भ पाडायची नसतेच मुळी. स्त्रीबीज बाहेर पडायचं ती लांबणीवर टाकते, बस. बीज आधीच सुटलेलं असेल तर तिच्या हातात काही उरत नाही. पाकिटावर 72 तास लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 71व्या तासालाही तितकाच गुण येतो असा नव्हे. जितकी लवकर तितकी बरी.

आता माझं ऐक. साल 2022. आमचे हे फौजेत, तेव्हा वरती पोस्टिंग. सुट्टीवर आले होते. तारीख पक्की लक्षात आहे कारण वटपौर्णिमा होती, 14 जून. सकाळी वडाला फेऱ्या मारल्या आणि रात्री फजिती झाली, हसायचं तर हस. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी हेच मेडिकलवर जाऊन गोळी घेऊन आले, पेपरात गुंडाळलेली. म्हणजे दहा-अकरा तासांतच घेतली. सुट्टी 18 तारखेला संपत होती, त्यामुळं मधे अजून तीन दिवस होते, एवढंच सांगते. एक गोळी म्हणजे महिनाभराचा विमा, असा आमचा दोघांचा समज. तो साफ चुकीचा. गोळी झाल्या गोष्टीपुरती असते, पुढच्यासाठी नाही. उलट बीज लांबणीवर पडलेलं असतं, ते नेमकं पुढच्या दिवसांत सुटू शकतं.

21 जूनला अंगावरून गेलं, तीन दिवस, बेताचंच. मी देवाला नारळ फोडला. गोळीनंतर असं थोडंफार जाऊ शकतं, ती पाळी नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी कॅलेंडरवर त्या 21 तारखेवर गोल केला आणि तिथून पुढचे दिवस मोजत बसले. तुझंही हेच झालंय, पोस्टमधून दिसतंय. संबंध आल्यापासून तीन आठवड्यांनी एक टेस्ट केली असती, तरी मला जुलैच्या सुरुवातीलाच कळलं असतं. पन्नास-साठ रुपयांची पट्टी. आशाताईंकडं तर फुकट मिळते. केली नाही. केली ती 25 जुलैला.

27 तारखेला साताऱ्यात सोनोग्राफी. "शेवटची पाळी कधी?" 21 जून, मी ठोकून सांगितलं. त्या हिशोबानं पाच आठवडे. पडद्यावर निघाले सात आठवडे सहा दिवस. त्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतं. नवरा 18 जूनलाच गेलाय हे मी स्वतःच आधी सांगून बसले होते ना, मग 21च्या पाळीनंतर दिवस राहिले कुणापासून! तेव्हा तू जाशील त्या वेळी दोन्ही तारखा सांग. गोळीच्या आधीची खरी, नेहमीसारखी पाळी कधी आली ती, आणि गोळी कधी घेतली ती. माझी खरी पाळी 2 जूनची होती. तिथून मोजलं की हिशोब बरोबर जुळतो.

इथपर्यंत चुका माझ्या. पुढचं मात्र माझ्या माथी मारून घेणार नाही.

दवाखान्याचं नाव घेत नाही. साताऱ्यातला बरा मोठा. आत डॉक्टर म्हणाल्या, नऊ आठवड्यांच्या आत आहेस, पाडायच्या गोळ्यांनी होईल, बाहेर कागद कर. बाहेर काउंटरवर एक गृहस्थ. "मिस्टर कुठायत?" म्हटलं मिलिटरीत. "मग त्यांची सही लागंल." म्हटलं ते येणार दिवाळीला. "मग सासऱ्यांना आणा." कल्पना कर, आमच्या अण्णांना, ज्यांच्यासमोर मी अजून पदर सारखा करून उभी राहते, त्यांना काय सांगून आणायचं? मी आत परत डॉक्टरांकडं गेले तर त्या ऑपरेशनला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी परत गेले. तेच. "आमची पॉलिसी आहे मॅडम."

यांना फोन लागायला तीन दिवस गेले. वरती नेटवर्क म्हणजे देवाची कृपा. यांनी बिचाऱ्यांनी कागदावर लिहून, सही करून फोटो पाठवला. काउंटर म्हणाला, ओरिजिनल पाहिजे. मग ते पाकीट 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या शिक्क्यानं निघालं आणि 8 ऑगस्टला पोचलं. घरी पोस्टमननं सासूबाईंच्या हातात दिलं, ते वेगळंच रामायण. पाकीट घेऊन एसटीनं साताऱ्याला गेले, पोवई नाक्यावर उतरून भर पावसात चालत. त्या गृहस्थांनी कागद उलटापालटा केला आणि काय म्हणाले असतील? "ही सही त्यांचीच कशावरून? आधारची झेरॉक्स पाहिजे होती सोबत." आणि मग वर, "तसंही आता नऊ आठवडे चार दिवस झालेत, गोळ्यांनी नाही होणार. पिशवी साफ करावी लागेल, ॲडमिट व्हा." खर्च आधी सांगितलेल्याच्या चौपट.

म्हणजे ज्या सहीसाठी बारा दिवस घालवले, त्या बारा दिवसांनीच गोळ्यांचा मार्ग बंद केला. आणि ती सही कायद्यात कुठं लागतच नव्हती.

हे नीट वाच. गर्भपाताचा कायदा 1971चा. त्यात संमती एकट्या बाईची. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, आईबापाची नाही. अपवाद दोनच, मुलगी 18च्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल तर पालक. फॉर्म सी म्हणून एक कागद असतो, त्यावर तुझी सही. नियोजनाचं साधन फसलं हे कारण कायद्यात लिहिलेलं आहे. 2021च्या दुरुस्तीत तिथं "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" काढून "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" केलं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढं 24पर्यंत दोन डॉक्टर आणि ठरावीक गटातल्या बायका, पण तिथवर जायची वेळच येऊ देऊ नकोस. तुझं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच दुरुस्तीत आहे. आणि माझं नशीब बघ, माझं सगळं ऑगस्टमध्ये उरकलं आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, त्यात घरच्यांची संमती मागण्यासारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत असं लिहिलं. सात आठवडे उशिरा, माझ्यापुरतं.

मग हे लोक मागतात कशाला? माझं मत सांगते, चूक असेल. आपल्याकडं, त्यातून 2017 ला म्हैसाळमध्ये एका डॉक्टरकडचे बेकायदा गर्भपात उघडकीला आले त्यानंतर, सगळ्यांच्या मनात धसका बसलाय. गर्भलिंग तपासणीचा कायदा 1994चा, तो वेगळा. लिंग तपासणं गुन्हा, गर्भपात गुन्हा नव्हे. पण भिंतीवरचे बोर्ड वाचून निम्म्या लोकांना वाटतं दोन्ही एकच. उद्या नवरा येऊन भांडला तर नको, म्हणून कागद मागून ठेवायचा. त्यांची भीती त्यांच्यापाशी, किंमत आपण मोजायची. बरं, मी ओरडले असते तर? "कुठल्या कलमात आहे ते लिहून द्या" एवढं म्हटलं असतं तर? पण तेव्हा मला कलम म्हणजे गुलाबाचं तेवढं माहीत.

शेवटी राखीपौर्णिमेचं निमित्त करून माहेरी गेले. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत, चल. राखीच्या आदल्या दिवशी, 10 ऑगस्टला. त्यांनी विचारलं, "तुमची इच्छा आहे ना?" म्हटलं हो. "मग इथं सही." झालं. मी ते 56 एपीओचं पाकीट पर्समधून काढायला लागले तर म्हणाल्या, "हे कशाला?" मला तिथंच रडू आलं. पिशवीतून नळीनं ओढून घेतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. दुखलं, खोटं बोलत नाही. संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी भावाला राखी बांधली. पैसे जवळजवळ काहीच लागले नाहीत. सरकारी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मीही त्यातलीच होते.

तुझ्यासाठी दोन-चार गोष्टी, सुचतील तशा. आधी सोनोग्राफी, काहीही ठरव, तरी आधी सोनोग्राफी. गर्भ पिशवीतच आहे ना हे कळायला हवं. एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, खांद्याकडं दुखलं तर उद्यावर टाकू नकोस, रात्र असली तरी सिव्हिल गाठ. ते पाडायच्या गोळ्यांचं किट कुणाकडून चोरून मागवू नकोस. आपल्याकडं बरेच मेडिकलवाले ते ठेवत नाहीत, म्हणून मग कुणाचा तरी भाऊ कुठून तरी आणून देतो. किती आठवडे झाले ते न बघता घेतलं तर अर्धवट राहतं, मग रक्तस्राव. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आपणहून सांग. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर तेही सांग. त्यातल्या काही औषधांनी ती 72 तासवाली गोळी फिकी पडते, कदाचित तुझं कारण तेच असेल. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली होती का, तेही आठवून बघ. झाली असेल तर ती परत घ्यायची असते, हे पुढच्या वेळेसाठी. आणि पुढच्या वेळी गोळीच कशाला, पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती जास्त खात्रीची, वर पुढची काही वर्षं डोक्याला ताप नाही. मी त्या 10 ऑगस्टलाच बसवून घेतली. सासूबाईंना अजून माहीत नाही, तू सांगू नकोस.

मालकांना फोनवर सांग की, सांगायचं तर. ते तुझं-त्यांचं. मी यांना सांगितलं होतं, हे माझ्या बाजूनं होते, म्हणूनच तर ते पाकीट आलं. पण सांगणं वेगळं आणि त्यांच्या सहीसाठी दसऱ्यापर्यंत बसणं वेगळं. आज तुझे किती आठवडे झालेत ते गोळीच्या आधीच्या पाळीपासून मोज आणि इथंच लिही, नाहीतर मला निरोप कर. विट्यात ओळखीचे भेटतील अशी धास्ती असेल तर सांगलीला किंवा मिरजेला सिव्हिलला जा, सकाळी लवकर, केसपेपरच्या रांगेत पुढं नंबर लागेल असं. एकटीला नको वाटत असेल तर मी येते सोबत, कोरेगावहून मिरजेची रेल्वे आहे. फक्त लग्नसराईचे ब्लाउज हातात आहेत, तेव्हा शनिवार-रविवार सोडून सांग.