सोलापूरचं ऊन आणि बोअरचं मचूळ पाणी

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधले दिवस बोअरवर. ते पाणी मचूळ, डाळ शिजता शिजत नाही, पाण्यातला क्षार मोजायचा टीडीएस मीटर लावला तर लिटरला १४०० मिलिग्रॅम आला. परवा मोबाईलवर बघितलं की समुद्राचं पाणी सोलरवर गोडं करतात. ऊन तर आपल्याकडं ढीगभर आहे की ओ, मग गच्चीवर असं काही करता येईल का? घरात पाच माणसं.

उत्तर : करता येतं, पण किती पाणी मिळेल ते आधी बघा. "सोलरवर गोडं करणं" यात दोन अगदी वेगळे प्रकार येतात आणि व्हिडिओवाले दोन्हीची खिचडी करतात.

पहिला प्रकार म्हणजे उन्हाची वाफ. काळ्या रंगाच्या उथळ पेटीत दोन-तीन सेंटीमीटर पाणी, वर तिरकी काच, पाणी तापतं, वाफ काचेला लागून थेंब होतात आणि घरंगळत पन्हाळीत येतात, क्षार खाली राहतो. एवढंच. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते, आणि आपल्याकडं चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच-सहा युनिट ऊन पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं. म्हणजे हाती तीन, फार तर चार लिटर. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथं १८७२ मध्ये खाणीसाठी असाच प्रकल्प केला होता, काच जवळपास ४,७०० चौरस मीटर आणि पाणी दिवसाला २२-२३ हजार लिटर, भागून बघा, चौरस मीटरला पाच लिटरसुद्धा नाही. दीडशे वर्षं झाली, साध्या पेटीचं गणित अजून तिथंच आहे. आपल्याकडं भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनं १९७८ मध्ये अवानिया गावात दिवसाला ५,००० लिटरचा प्रकल्प केला, तिथं तेव्हा वीज नव्हती म्हणून ते पटतं.

मी पण दोन-तीन वर्षांमागं हा उद्योग करून बसलोय. मीटरभर पेटी केली, पहिल्यांदा काच सपाट ठेवली तर थेंब परत आतच, मग दक्षिणेकडं १८-२० अंश उतार दिला तेव्हा कुठं पाणी यायला लागलं, तेही चार दिवस सिलिकॉनच्या वासाचं. आपल्याकडची धूळ तर विचारू नका, रोज काच पुसा. मे महिन्यात सगळ्यात चांगल्या दिवशी तीन लिटरला थोडं कमी. घरचे म्हणाले, एवढ्या खटाटोपात तीन तांबे?

तुम्हाला प्यायला-स्वयंपाकाला दिवसाला पंधरा लिटर तरी हवं, म्हणजे पाच चौरस मीटर काच, आणि पावसाळ्यात ढग आले की बोंब.

दुसरा प्रकार म्हणजे सोलर पॅनलच्या विजेवर पंप आणि आरओ. मोठे प्रकल्प बहुतेक असेच. इथं वाफ करायचीच नाही, दाब देऊन पाणी पडद्यातनं ढकलायचं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतो, तरी हजार लिटरला तीन-चार युनिट वीज पुरते, तेच वाफेनं करायचं तर साडेसहाशे युनिट उष्णता. तुमच्या बोअरमध्ये क्षार लिटरला दीड ग्रॅमही नाही, त्यामुळं समुद्रावरचा उपाय इथं आणायचं कारणच नाही, घरचा आरओ पंख्याएवढीसुद्धा वीज खात नाही, त्याच्यासाठी वेगळं पॅनल घेऊ नका. त्यातनं बाहेर टाकलं जाणारं खारट पाणी मात्र बादलीत धरा, फरशीला-संडासाला चालतं, नाहीतर एक लिटर गोडं करताना दोन-तीन लिटर गटारात जातं.

आणि हो, १४०० ला घाबरू नका. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. माझी काळजी वेगळीच आहे, तो मीटर नायट्रेट किंवा फ्लोराईड वेगळं सांगत नाही, जंतू तर त्याला दिसतच नाहीत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर आधी लॅबमध्ये तपासा, मग मशिनचं बघू.

पेटी करायचीच असेल तर पोरांकडनं करून घ्या, मजा येते. वीज नसलेल्या वस्तीवर तर ती खरंच कामाची.

प्रश्न : मग कोकणात समुद्राचं पाणी सोलरवर गोडं करून पाईपनं सोलापूरला का आणत नाहीत?

उत्तर : मध्ये सह्याद्री आहे ना. हजार लिटर पाणी सहाशे मीटर घाट चढवायलाच दोन युनिटच्या वर वीज, म्हणजे गोडं करायला लागते त्याच्या निम्मी किंवा जास्तच, आणि पुढं शेकडो किलोमीटर पाईप. उजनी शंभरेक किलोमीटरवर आहे, तिथनं रोज पाणी आणताना आपली काय तऱ्हा होते ते तुम्ही नळाजवळ बसून बघताच की.