पाकिटाचं वजन ११८ ग्रॅम

कुडाळचे एक वाचक गाड्यांचे परफॉर्मन्स पार्ट्स कुरिअरने विकतात. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला सस्पेन्शनचा भाग), इनटेक, ब्रेक पॅड, सायलेन्सर. दुकान म्हणावं असं काही नाही. घराच्या पडवीत रॅक, ऑर्डर मोबाइलवर आणि संध्याकाळी पार्सलं घेऊन कुरिअरच्या ऑफिसात. विदर्भातल्या एका ग्राहकाने मार्चमध्ये त्यांच्याकडून ८६,००० रुपयांचा कॉइलओव्हरचा सेट मागवला. दीड महिन्यात पुढच्या उजव्या शॉकअबमधून तेल गळायला लागलं. यांनी सांगितलं, फिटिंग चुकलंय. जूनमध्ये ग्राहकाच्या वकिलाची नोटीस आली, यांनी उत्तर दिलं नाही. २५ ऑगस्टला, म्हणजे चवथीच्या दोन दिवस आधी, तिकडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं पाकीट आलं. ते भाच्याने सही करून घेतलं. ३० सप्टेंबरला रात्री त्यांनी मला लिहिलं: "नोटिशीवर तारीख १५ ऑक्टोबर आहे, तोवर वकील बघतो. बिलावर 'वाद कुडाळ न्यायालयाच्या अधीन' असं छापलंय, तर केस इकडे आणता येईल का? आणि सेट बनवणाऱ्या तैवानच्या कंपनीला पार्टी करता येईल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. इथे लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी. हे पत्र मला वर्षातून चार वेळा येतं. कधी काजूगर विकणाऱ्याचं, कधी आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्याचं. माल बदलतो, चूक तीच असते.

१५ ऑक्टोबर ही तुमची मुदत नाही. ती फक्त आयोगापुढची तारीख आहे. लेखी उत्तराची मुदत पाकीट हातात पडल्यापासून मोजायची: ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी १५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३८. मिळाल्याचा दिवस सोडला तर तुमचे ३० दिवस २४ सप्टेंबरला संपले. ४५ दिवस ९ ऑक्टोबरला, गुरुवारी संपतात. त्यानंतर आयोगाच्या अध्यक्षांना तुमची दया आली तरी उपयोग नाही. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सांगून टाकलं की ४५ दिवसांपुढे एक दिवसही वाढवता येणार नाही. तो निकाल १९८६ च्या जुन्या कायद्याखालचा असला तरी नव्या कायद्यातली भाषा तीच आहे, आणि आयोग तो निकाल काटेकोर पाळतात. म्हणजे तुम्ही १५ तारखेला कोट घातलेला वकील घेऊन दिमाखात गेला असता, तर तुमची बाजू मांडायचा कागदच दाखल झाला नसता.

यात मला जो राग येतो तो फक्त तुमच्यावर नाही. कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, मालाची तपासणी लागणार असेल तर पाच. ग्राहक आयोगात एकदा तरी गेलेल्याला या वाक्याचं हसू येईल. तीन-तीन वर्षं तारखा पडतात, कुठे सदस्य नाही, कुठे कोरम नाही. त्या उशिराचा कोणी हिशोब मागत नाही. तुमचा मात्र सेहेचाळिसावा दिवस मोजला जातो. अन्याय वाटतो, आहेच. पण त्यावर भांडायला तुमच्याकडे वेळ नाही.

आता त्या पाकिटाबद्दल. फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅडम, पाकिटात एकच कागद होता. तक्रारीची प्रत नव्हतीच." हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. त्याच घटनापीठाने असंही ठरवलंय की मुदत सुरू होते ती तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यावर. नुसत्या नोटिशीने घड्याळ चालू होत नाही. मी म्हटलं, पाकीट फेकलं नसेल तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा.

फोटो आला. खाकी पाकीट, पावसाने शिक्का पसरलेला, मागच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल. पुढच्या बाजूला स्पीड पोस्टचं लेबल, त्यावर बारकोड आणि त्याखाली बारीक अक्षरात वजन: ११८ ग्रॅम.

साहेब, तुम्ही रोज कुरिअरवाल्याशी वजनावरून भांडता. पाचशे ग्रॅमचा स्लॅब ओलांडला की किती जादा लागतात, तुम्हाला तोंडपाठ असणार. साधा ए-फोर कागद जेमतेम पाच ग्रॅमचा. पाकिटाचे पंधरा ग्रॅम धरा. मग उरलेले शंभर ग्रॅम कशाचे? नोटिशीच्या एका पानाचे नक्कीच नाहीत. वीसेक पानं त्यात होती, आणि एवढी पानं म्हणजे तक्रार, शपथपत्र, बिल आणि तुमच्या चॅटचे प्रिंट. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पाकीट भाच्याने फोडलं, तुमच्या हातात एक पान आलं, इतकंच तुम्हाला माहीत आहे. पण "तक्रारीची प्रत मिळाली नाही" असं शपथपत्र करायला मी तुम्हाला सांगणार नाही. समोरच्या वकिलाकडे त्याच लेबलाची पावती असते. तो वजनावर बोट ठेवील, आणि त्यानंतर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून ९ ऑक्टोबर हीच शेवटची तारीख धरा. मी तर ८ धरते. मध्ये २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आलीय, नंतर शनिवार-रविवार. कामाचे दिवस मोजून पाच. लेखी उत्तरासोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज जोडा, कारण ३० दिवस उलटलेत आणि पुढचे १५ मागावे लागतात, आपोआप मिळत नाहीत. अर्जात खरं कारण लिहा: चवथीचे दिवस, मुंबईहून आलेली घरची माणसं, पाकीट दुसऱ्याने घेतलं, तारखेचा गैरसमज झाला. आजारपणाचं सर्टिफिकेट आणू नका. आयोग मान्य करील का? बहुतेक करतात, थोडा खर्च लावून. खात्री देत नाही. उत्तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा आणि एक संच स्पीड पोस्टनेही आयोगाला पाठवा. पोर्टल शेवटच्या दिवशी झोपतं हा माझा अनुभव आहे. एक प्रत तक्रारदाराला, त्याची पोचपावती जपून.

ही मुदत हुकली तर? प्रकरण तुमच्या लेखी उत्तराविना चालेल. अशा वेळी तोंडी युक्तिवाद करू देतात, पण पुराव्याशिवायचा युक्तिवाद म्हणजे सुकाणू नसलेली होडी. एकतर्फी आदेश झाला तर तोच आयोग तो मागे घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. नव्या कायद्यात फेरविचार आहे, पण तो फक्त आदेशात उघड दिसणाऱ्या चुकीपुरता. मग राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील, आणि आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरून. जूनच्या नोटिशीत ग्राहकाने पैसे परत, मानसिक त्रास आणि खर्च मिळून १,४१,००० मागितले होते. निम्मे किती होतात ते तुम्हीच करा.

बिलावरच्या त्या ओळीचं सांगते: तिचा इथे काडीचाही उपयोग नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथे तक्रार करायची मुभा दिली, आणि ती तुमच्या छापील वाक्याने जात नाही. अख्खा महाराष्ट्र ओलांडून जायचं नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याचा अर्ज करा, कायद्यात तशी सोय आहे. बिलावर त्याखालीच दुसरी ओळ आहे, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". ती तर नव्या बिलबुकावरून आजच काढा. सदोष माल परत न घेणं हा याच कायद्याखाली अनुचित व्यापारी व्यवहार ठरतो. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. तुमचा माल दीड महिन्याने गळला, त्यामुळे ही ओळ तुम्हाला थेट बाधेलच असं नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात तुमच्याविषयी मत तयार होतं.

तैवानच्या कंपनीला पक्षकार करण्याचा फायदा मला दिसत नाही. उत्पादक भारतीय कायद्याच्या आवाक्याबाहेर असेल तर विक्रेत्यालाच जबाबदार धरायची तरतूद कलम ८६ मध्ये आहे. ते कलम वस्तूमुळे दुसरी हानी झाली तर लागतं. नुसता शॉकअब बिघडला, कोणाला इजा नाही, तर तो साधा सदोष मालाचा दावा. दोन्हीकडे रस्ता तुमच्याच पडवीत येतो.

खरी लढाई त्या शॉकअबच्या रॉडवर आहे, आणि ती तुम्ही जिंकू शकता. वरचा नट घट्ट करताना रॉड फिरू नये म्हणून काही फिटर तो पकडीत धरतात. क्रोमवर ओरखडा उठतो, तो प्रत्येक खड्ड्यात सीलमधून खालीवर जातो आणि महिन्या-दीड महिन्यात सील फाटून तेल गळतं. तुम्हीच मला हे सांगितलंत, आणि ते जूनच्या नोटिशीच्या उत्तरात लिहायला हवं होतं! आता लेखी उत्तरात लिहा आणि सोबत अर्ज करा की निघालेला शॉकअब तक्रारदाराने जसाच्या तसा जपून ठेवावा आणि कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडे पाठवावा. रॉडवर पकडीचे दात उमटलेले असतील तर कोणाच्या साक्षीची गरज उरणार नाही. ओरखडा नसेल तर गप्प तडजोड करा. आयोग मध्यस्थीकडे पाठवू शकतो, तुम्ही होय म्हणा. तक्रारदार डिटेलिंग स्टुडिओ (गाड्यांची बारीक सफाई-पॉलिश) चालवतो म्हणता. सेट त्याने पुढे विकायला घेतला असेल तर तो कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. मुद्दा घ्या, पण सेट त्याच्याच गाडीला बसलाय, तेव्हा फार भरवसा ठेवू नका.

शेवटी आरटीओचं. त्या ग्राहकाला तिकडे आरटीओचा दंड झाला आणि ती रक्कमही तो तुमच्याकडे मागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. तसा केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध कडकपणे वाचला. कॉइलओव्हर त्यात बसतो की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, म्हणून त्यात मी ठाम काही सांगत नाही. एक मात्र करू नका: "मालच बेकायदा होता, मग पैसे कसले मागतो" हा बचाव. तो बेकायदा माल विकणारे तुम्हीच. शिवाय सरकारने सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमात न बसणारा विकला, तर विक्रेत्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. ब्रेक पॅड विकता ना, मग ती यादी वाचून घ्या.

आणि तुमचा तो व्हॉट्सअॅप मेसेज: "बिनधास्त बसवा, आरटीओ काही बघत नाही. लीक झाला तर मी बसलोय ना." आठ सेकंदांत टाइप केला असेल. बिलावर "फक्त ट्रॅकसाठी" असा शिक्का मारायचा आणि चॅटवर हे लिहायचं! 'मी बसलोय' याला कायद्यात हमी म्हणतात. तो मेसेज आता पुसू नका, समोरच्याकडे आहेच. संपूर्ण चॅट काढा, त्याने फिटिंगचे फोटो पाठवले होते तेही, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितके कडक नसतात, पण प्रमाणपत्र नाही म्हणून फोटो बाजूला पडलेले मी पाहिलेत.

तक्रारीची प्रत समोर नसेल तर उत्तर लिहिणार कशाला? तक्रारदाराच्या वकिलाकडून आजच पीडीएफ मागा, आयोगाच्या कार्यालयाकडेही प्रतीसाठी अर्ज टाका. त्याआधी भाच्याला फोन करा आणि विचारा, बाकीची पानं कुठे ठेवली. चवथीच्या गडबडीत घरातला प्रत्येक कागद आरतीच्या पुस्तकांबरोबर एकाच पिशवीत गेलेला असतो. ती पिशवी माळ्यावरून खाली काढा.