लब-ए-हौज : हौज की हौद?

विचारणा अशी आहे: उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याच्या वर्णनात 'लब-ए-हौज' येतं. त्यातला हौज म्हणजे आपला हौदच का? आणि मराठीत लिहिताना तलाव म्हणावं की हौद?

हौदच म्हणावं. शब्द मुळात एकच आहे, अरबी. फारसीतून तो एकीकडे बुखाऱ्यात रुजला, दुसरीकडे आपल्याकडे. त्याच्या शेवटी असलेलं अरबी अक्षर अरबीत 'द'च्या जवळ जातं, फारसीत मात्र त्याचा उच्चार 'झ' होतो. म्हणून दिल्लीत 'हौज खास'. आपल्याकडे या अक्षराचे बहुतेक शब्द 'ज' घेऊनच आले: अर्ज, कर्ज, काजी, रजा, मर्जी, हजर. हौद तेवढा 'द' घेऊन बसला. मला हा शब्द आवडतो तो यासाठीच.

'लब' म्हणजे ओठ, आणि त्यावरून काठ. हिंदीतलं 'लबालब' याच 'लब'चं. तेव्हा लब-ए-हौज म्हणजे सरळ 'हौदाकाठ'. हे नाव नुसत्या पाण्याचं नाही, त्याभोवतीच्या सगळ्या परिसराचं आहे. बुखाऱ्यावर राज्य करणाऱ्या इमामकुली खानाचा वजीर नादिर दिवाणबेगी (यातला दिवाण आपल्या ओळखीचाच) यानं १६२० च्या सुमारास हौद आणि पश्चिमेला सूफींची खानकाह, म्हणजे मठ, बांधली. उत्तरेचा कुकलताश मदरसा त्याआधीचा, १५६८ च्या सुमाराचा. पूर्वेला नादिरचाच मदरसा. तो आधी सराई म्हणून बांधला होता असं सांगतात. त्याच्या दर्शनी कमानीवर निळ्या फरशीकामात दोन मोठे पक्षी पंजात पांढरी जनावरं धरून सूर्याकडे झेपावताना दिसतात, आणि त्या सूर्याला माणसाचा चेहरा आहे! मदरशाच्या दारावर सजीवांची चित्रं फार क्वचित आढळतात, म्हणून तिथं गेलात तर मान वर करून नीट बघा.

आता तलाव का नको? तलाव म्हटलं की बांध आणि पसरलेलं पाणी डोळ्यांपुढे येतं. हा हौद चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांनी बांधून काढलेला आहे. शाहरूद कालव्याचं पाणी त्यात यायचं, आणि पाणके कातडी मशकी भरून ते घरोघर पोचवायचे. कात्रजहून नळानं आणलेलं पाणी पुण्यात काळ्या हौदात, बदामी हौदात साठवायचे, तीच ही व्यवस्था. बुखाऱ्यात असे हौद गल्लोगल्ली होते. त्याच पाण्यातून नारूही (अंगातून धाग्यासारखा लांब जंत निघतो तो रोग) पसरायचा. तिथं नारूला 'रिश्ता' म्हणत, म्हणजे धागा. हिंदीतला नात्याचा 'रिश्ता' तोच. सोव्हिएत काळात बहुतेक हौद बुजवले किंवा कोरडे केले गेले. जे थोडे उरले त्यांत हा सगळ्यात मोठा.

लिहिताना विशेषनाम म्हणून 'लब-ए-हौज' तसंच ठेवावं, पुढच्या वाक्यापासून बिनदिक्कत 'हौद' लिहावं. 'लब-ए-हौज तलाव' मात्र टाळावं: त्यात पाण्याचं नाव दोनदा येतं, आणि तलाव तर तो नाहीच.