“सकाळी दात जुळत नाहीत, म्हणून काढून ठेवलं”

झोपेत श्वास अडखळणाऱ्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांना दातांचे डॉक्टर माउथपीस बनवून देतात. रात्री तो खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो. त्याबरोबर जिभेचं मूळही पुढे येतं आणि घशातली वाट मोकळी राहते. झोपेत दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राचा मास्क ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे. तरी पहिल्या काही आठवड्यांत बरेच माउथपीस डबीत जाऊन बसतात, आणि मग तो रोज वापरायची सवय लागावी म्हणून रुग्णाला माझ्याकडे पाठवलं जातं.

असेच एक काका पत्नीबरोबर आले. पन्नाशी ओलांडलेले, कारकुनी नोकरी. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या तपासणीत, तासाला सरासरी २२ वेळा श्वास अडत होता, म्हणजे मध्यम तीव्रतेचा आजार. “रोज घालता का?” असं मी कधीच विचारत नाही, त्याला “घालतो की!” एवढंच उत्तर मिळतं. “काल किती वाजता काढलात?” असं विचारलं.

“तीनला. लघवीला उठलो, तेव्हा काढला. परत घातला नाही.”

“का?”

“सकाळी दाढा एकमेकींवर बसतच नाहीत हो मॅडम. जबडा कायमचा सरकला तर?”

खरी अडचण ही होती. काकू मात्र “यांना मनाचा निग्रहच नाही” म्हणून रोज बोलत होत्या.

रात्रभर जबडा पुढे राहिला की सकाळी दाढा लगेच जुळत नाहीत. बहुतेकांचं अर्ध्या-एक तासात पूर्ववत होतं. काका तोंड धुऊन लगेच चहा-पोळीला बसत, घास नीट चावता आला नाही की घाबरत. दंतवैद्यांनी त्यांना सकाळी दाढांखाली धरायला एक छोटा तुकडा दिला होता. तो तसाच पाकिटात पडलेला. तो पाच-दहा मिनिटं चावून धरायचा आणि न्याहारी त्यानंतर, एवढं ठरवलं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात किंचित हलू शकतात, हेही त्यांना सांगितलं. लपवून काय उपयोग? त्यासाठीच तर दंतवैद्यांकडे ठरावीक काळाने तपासणी असते.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. लवकर गुण यावा म्हणून काकांनी माउथपीसवरचा, जबडा पुढे सरकवायचा स्क्रू घरीच भराभर फिरवला होता आणि तेव्हापासून कानाजवळ दुखत होतं. जबडा पाव-अर्धा मिलिमीटर करत, सवय होईल तसा पुढे न्यायचा असतो. त्यात मी हात घालत नाही. त्यांना दंतवैद्यांकडे परत पाठवलं. स्क्रू मागे घेतल्यावर कानाजवळचं दुखणं उतरलं.

तीन वाजताचा प्रश्न उरला. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा घशाचे स्नायू सैल पडतात. अनेकांचा श्वास त्याच वेळी अधिक अडतो. म्हणजे काका नेमका गरजेच्या वेळी माउथपीस काढत होते. लघवीला जाताना तो काढावा लागत नाही, घोटभर पाणीही तो घालून पिता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रीच्या बातम्या लागल्या की तोंडात घालायचा, म्हणजे अंथरुणावर पडेपर्यंत सवय झालेली असते. लाळ सुटते, पण ती बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. रात्रभर घातला की कॅलेंडरवर खूण काकांनीच करायची. काकूंना म्हटलं, “तुम्ही पहारा द्यायचा नाही.” हे त्यांना जरा लागलं, पण त्यांनी पाळलं.

घोरणं थांबलं म्हणजे काम झालं, असं मी धरत नाही. आवाज गेला तरी श्वास अडत असू शकतो. माउथपीस घालूनच पुन्हा स्लीप स्टडी करायला लावली. आकडा ८ वर आला होता. रिपोर्ट बघून काकांनी विचारलं, “मग आता सोडू का?”

चष्मा काढला की अक्षर पुन्हा पुसट दिसतं, तसंच याचं, असं सांगितलं. वजन बरंच उतरलं तर डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासता येईल. तोवर रोज घालायचा. काकांनी क्षणभर विचार केला आणि काकूंना म्हणाले, “मग गावाच्या बॅगेत एक वेगळी डबी ठेव. दिवाळीला जायचंय.”